शहनाज, चिचटोल्याच्या मुलींचं आता काय करायचं?

शहनाज, तू सायकलमुळे गेलीस असं गावानं ठरवून टाकलं आहे. परवा किराणा दुकानात, काल बँकेत, आज आपल्या स्टाफरूममध्ये मी तेच तेच सांगत बसले. बाई घरी होती. दिवाणावर बसून सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होती. नवऱ्याला, रफीकभाईंना, म्हणाली, जरा पाणी द्या, आणि ते माठापर्यंत जाऊन येईतो सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. सायकल त्या वेळी अंगणात स्टँडवर उभी होती. लोक सगळं ऐकून घेतात, मान हलवतात आणि म्हणतात, "तरी पण मॅडम, या वयात इतकी सायकल चालवाची काऊन?"

आपल्या शाळेतल्या एका सरांना दोनदा झटका आला. ते समोरच्या पानठेल्यावरही स्कूटरनं जातात. त्यांच्या स्कूटरला कोणी बोल लावल्याचं मला आठवत नाही.

मला रडायला सवड नाही, शहनाज. दिवस भांडण्यात जातो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मंदे, तू भांडतेच कायले त्याहिच्यासंग? मान हलवाची आन निंगून जाचं." पण तू स्वतः असं मान हलवून कधी निघून गेलीस? जिथे तिथे थांबून वाद घातलास आणि घरी जायला उशीर झाला की माझ्यावर ढकललंस.

चिचटोल्याचं सगळं तसंच सुरू झालं ना. तिथल्या मुली पाच-सहा किलोमीटरवरून आपल्या शाळेत यायच्या. सरकारकडून त्यांना सायकली मिळाल्या होत्या, पण बहुतेक सायकली घरात उभ्या, त्यांच्यावर धान्याची पोती टाकलेली. मुली सकाळच्या बसनं यायच्या, बस आली तर. त्या हिवाळ्यात गावाजवळच्या नाल्यापाशी वाघानं गाय मारली. आठवड्याभरात चिचटोल्याच्या सगळ्या मुली शाळेतून गायब. बस यायची तेव्हाही त्या येईनात, कारण फाट्यापर्यंत चालत यायची भीती.

तू हजेरी घेताना एकेक नाव वाचलंस, प्रत्येक नावापुढे थांबलीस, आणि शाळा सुटल्यावर मला म्हणालीस, "चाल, चिचटोल्याले जाऊन येऊ." मला वाटलं, पालकांना भेटून समजावून येऊ. समाजमंदिरात माणसं जमली. त्या मुलींतल्या रोशनीचे वडील स्पष्ट बोलले. "मॅडम, पोरगी वाचली तं शिकन ना जी. तुमच्या दहावीपेक्षा आमाले पोरगी मोठी हाये." त्यांचं काही चुकत नव्हतं. मी मनात म्हटलं, आता उठावं. आणि तू उभी राहून सांगून मोकळी झालीस, "उद्यापासून मी येतो सकाळी. पोरी सायकलनं येतीन. मी पुढं, पोरी मधात, आन मंदा मॅडम मागं."

मला विचारलंस का? परत येताना मी तुला हेच विचारलं. तू म्हणालीस, "तू नाई म्हणली असती, म्हणून नाई विचारलं."

"मुलींच्या सोबतीला आपण," मी म्हटलं, "पण जाताना आपण दोघीच. आपल्या सोबतीला कोण?"

"मी आहो ना," तू म्हणालीस.

 दुसऱ्या दिवशी मी माझ्या भाच्याची सायकल घेऊन तुझ्या दारात उभी होते.

तिथल्या वनरक्षकानं आपल्याला नीट समजावलं होतं. ऊन वर आल्याशिवाय निघू नका, घोळक्यानं चला, मोठ्यानं बोला, घंट्या वाजवत राहा. मुलींना मोठ्यानं बोला म्हटलं की त्या गप्प होतात, त्यांना गप्प करणं आपल्याला शाळेत वर्षानुवर्षं जमलं नव्हतं. मी म्हटलं, कविता म्हणू या. तू माझ्या कविता पहिल्याच दिवशी नापास केल्यास. "तुह्या कविता आयकून वाघ जवळ येऊन बसन." मग तू आवर्तसारणी सुरू केलीस. हायड्रोजन, हेलियम, लिथियम. पुढून तू ओरडायचीस, मागून मुली ओरडायच्या, आणि सर्वांत मागे मी, मराठीची बाई, धापा टाकत बेरिलियम बेरिलियम करत. सागाच्या जंगलातून असा तो वर्ग चालला की लाकडाच्या मोळ्या घेऊन येणाऱ्या बाया बाजूला उभ्या राहून हसायच्या. त्या वर्षी विज्ञानाच्या पेपरात चिचटोल्याची एकही मुलगी नापास झाली नाही. माझ्या विषयात दोघी झाल्या. तू ते वर्षभर सांगत फिरलीस.

वाघ एकदाच दिसला. त्या वळणानंतर जिथे बांबू रस्त्यावर वाकलेला आहे तिथे तू एकदम ब्रेक लावलास आणि हात वर केलास. तो रस्त्याच्या मधोमध उभा होता. मुलींचे आवाज तुटले. रोशनी माझ्या पुढे होती, तिची वेणी हलत होती. तू सायकलवरून उतरली नाहीस, वळलीही नाहीस. शांत आवाजात म्हणालीस, "सोडियमपासून. म्हणा." कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. मग तूच म्हणू लागलीस. सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम. वर्गात फळ्यापाशी उभं राहून म्हणतेस तितक्याच हळू. दोन-तीन मुलींनी साथ दिली. त्यानं आपल्याकडे पाहिलं, आणि पलीकडच्या झुडपात निघून गेला. 

पुढे पुलापाशी आल्यावर तू सायकल कठड्याला लावलीस आणि मटकन खाली बसलीस. तुझे पाय कापत होते. मुलींना दिसू नयेत म्हणून तू पायांवर ओढणी पसरलीस. "मले वाटलं, आता गेलो आपन," तू माझ्या कानात म्हणालीस.

"मग बस झालं हे," मी म्हटलं. "आजपासून बंद."

"बंद काऊन? तो त्याच्या रस्त्यानं गेला. आपन आपल्या." आणि मग तो तुझा ठरलेला राग. "त्याचं बरं हाये, मंदे. त्यानं पाह्यलं तरी आपल्याकडं. ट्रकवाला पाहते का?"

तुझं ते बोलणं मला तेव्हा अगोचरपणाचं वाटलं. वनखात्यानं आपल्याला काही दिवस थांबायला लावलं, तो वाघ दुसरीकडे गेल्याची खात्री केली आणि मग आपण पुन्हा सुरू झालो. पण जंगल संपून मोठ्या रस्त्याला लागलो की मला तुझं म्हणणं पटायचं. चिचटोल्याचा रस्ता जिथे हायवेला मिळतो तिथे समोरच शाळेची इमारत दिसते. मधे चौपदरी रस्ता आणि उंच दुभाजक. ओलांडायची जागा इतकी दूर, की नियमानं जायचं तर मुलींनी ट्रकच्या बाजूनं पुढे जायचं, वळायचं आणि तेवढंच परत यायचं. त्यामुळे मुली सायकली उचलून दुभाजकावरून पलीकडे टाकायच्या. दोघी अलीकडून उचलायच्या, दोघी पलीकडून झेलायच्या. तू मधोमध ओढणी हातात घेऊन ट्रक थांबवायचीस. कोळशाचे ट्रक, बांबूचे ट्रक. ड्रायव्हर शिव्या द्यायचे आणि तू त्यांना तितक्याच उत्तम शिव्या द्यायचीस, मुलींसमोर. मी नंतर मुलींना म्हणायचे, बाईंनी म्हटलेलं विसरा. त्या विसरल्या नसणार.

त्या दुभाजकासाठी आपण किती दारं झिजवली. एका कार्यालयात तरुण इंजिनिअर होता, बोलायला चांगला होता. त्यानं नकाशा उघडून दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, इथं क्रॉसिंग देता येत नाही. डिझाइनमध्ये सायकल धरलेली नाही."

तू नकाशावर वाकलीस. "पोरी धरल्या हायेत का डिझाइनमधी?"

तो गडबडला. म्हणाला, तसा कॉलम नसतो. आपण बाहेर आलो तेव्हा तू हसत होतीस आणि मला इतका संताप आला होता की मी स्कूटीचं हेल्मेट आतच विसरून आले. परत आणायला जावं लागलं. त्यानं ते टेबलावर नीट ठेवलं होतं. निदान ते त्यानं धरलं.

आणि मग गावात सायकल ट्रॅक झाला. कुठे? तलावाभोवती. लाल रंगाचा, कडेला बाकं, मधे मधे कारंजी. त्याच्या सुरुवातीला कमान आणि कमानीवर 'सायकलस्नेही शहर'. तो ट्रॅक तलावापासून निघतो आणि तलावापाशी येतो. त्यावरून कोणी शाळेत जाऊ शकत नाही, बाजारात जाऊ शकत नाही, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाऊ शकत नाही. सकाळी लोक मोटारीच्या मागे सायकली बांधून आणतात, गोल फिरतात आणि पुन्हा बांधून घेऊन जातात. दूध घालणारा, वीटभट्टीवर जाणारा, शाळेतली मुलगी, म्हणजे या गावात ज्यांच्याकडे सायकलीशिवाय दुसरं काही नाही, ते सगळे अजून ट्रकच्या शेजारून जातात. तू हे सगळ्यांना सांगत होतीस आणि लोक म्हणत होते, बाईला कशातच चांगलं दिसत नाही.

उद्घाटनाला त्यांनी तुझाच सत्कार ठेवला. तू जाऊ नकोस असं मी म्हटलं. तू गेलीस, सायकलनं. गेटवरच्या माणसानं अडवलं. "सायकल आत नेता येत नाही, मॅडम. आज कार्यक्रम आहे. गाड्या लागल्या आहेत." खरंच गाड्या लागल्या होत्या, ट्रॅकवर, लाल रंगावर, एकामागून एक. तू सायकल बाहेर मोठ्या रस्त्याला कडुनिंबाला टेकवलीस आणि आत आलीस. शाल, श्रीफळ झालं. माईक दिला तेव्हा मी खुर्चीत आखडून बसले, आता ही काय बोलते म्हणून. तू एवढंच म्हणालीस, "माझी सायकल बाहेर रस्त्यावर उभी आहे, तिला कुलूप नाही. मला लवकर जाऊ द्या." आणि खाली उतरलीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, विनम्र बाई आहे. ती शाल तू घडी करून कॅरियरवर बांधलीस, कारण चिचटोल्याच्या एका मुलीची सायकल मोडली होती आणि तिला तू डबलसीट आणायचीस.

आता आपलं भांडण. ते मला मिटवता आलं नाही आणि तुझ्यामागे ते मिटल्याचं नाटकही मी करणार नाही.

माझं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं. मुलींना बस पाहिजे. वेळेवर येणारी, दारासमोरून जाणारी. जंगलातून सायकल हाकायची मर्दुमकी कोणाही चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला करावी लागू नये. माझे गुडघे गेल्यावर मी स्कूटी घेतली आणि तुमच्या मागून येऊ लागले, तेव्हा तू म्हणालीस, "धूर खाऊन राह्यल्या पोरी तुह्या गाडीचा." तू तीन दिवस माझ्याशी धड बोलली नाहीस. मी म्हटलं, अगं, माझ्या गाडीचा धूर दिसतो, मुलीच्या पाठीवरचं दप्तर, पाऊस, पाळीचे दिवस, उन्हाळ्यात तापलेलं डांबर, हे काही दिसत नाही का तुला? तू म्हणायचीस, "बस दुसऱ्याच्या हातात असते. सायकल पोरीच्या हातात असते. उद्या बस नाई आली तं पोरगी घरी. सायकल हाये तं ते कुठीबी जाईन."

तुझंही खरं होतं. म्हणून तर जास्त चीड यायची.

आणि मग ती सकाळची बसच बंद झाली. मी डेपोत विचारायला गेले तर तिथले साहेब म्हणाले, "चिचटोल्याच्या मुली तर सायकलनं येतात ना, मॅडम? पेपरातही आलं होतं. मग गाडी कोणासाठी सोडू?" मी तशीच तुझ्याकडे आले. पाहा, म्हटलं, तुझ्या सायकलीनं बस खाल्ली. आता ज्या म्हातारीला दवाखान्यात जायचं आहे तिनं काय करायचं? दम्याच्या त्या लहानीनं काय करायचं? तू ऐकून घेतलंस.  मग म्हणालीस, "तू बस आन. ज्या दिवशी बस येईन त्या दिवशी मी सायकल बंद करतो. तवरीक नाई."

"बंद करशील?"

"पाहू," तू म्हणालीस आणि गालात हसलीस. ते आपलं शेवटचं बोलणं. पाहू म्हणजे हो की नाही, हे मी आता कोणाला विचारू?

तुझ्या घरी गेले होते. बायका बसल्या होत्या, शेजारणींनी डबे पाठवले होते, रफीकभाई बाहेर त्यांच्या गादीच्या दुकानाच्या ओट्यावर एकटे होते. मी जवळ जाऊन बसले. ते म्हणाले, "लोगां बोलते, तुमने उनको रोका नहीं." मग स्वतःच ते म्हणाले, "रोका था ना. पूरी शादी भर रोका." आणि इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले, तेही हसले, आणि मग आम्ही दोघं तिथे उघड्यावर रडलो. तुझे दीर आतून धावत आले, काय झालं म्हणून.

त्यानंतर मी चिचटोल्याला गेले. मुलींना सांगायचं होतं. त्यांना आधीच कळलं होतं. समाजमंदिरात तीच माणसं, त्याच जागा. रोशनी आता कॉलेजात जाते, तिची धाकटी बहीण पूजा आपल्याकडे नववीत आहे. त्यांचे वडील उठले आणि म्हणाले, "मॅडम होत्या तवा वेगळी गोष्ट होती. आता कोनाच्या भरोशावर पाठवाचं जी?"  मी म्हटलं, मी बससाठी पुन्हा अर्ज केला आहे. ते म्हणाले, अर्ज. एवढंच. कोणी हसलंही नाही.

मग मागून पूजाची आई बोलली. पुष्पाबाई. तू तिला ओळखतेस, ती सभेत कधी तोंड उघडत नाही. "मी जातो पोरीहिच्यासंग," ती म्हणाली. "मले रानाचं भेव नाई. मोहाच्या दिवसात फुलं येचाले जातोच ना मी सकाळची. पन मले सायकल येत नाई."

दोन-चार माणसं हसली. तिचा नवरा म्हणाला, "आता या वयात?"

"मॅडम कोनत्या वयाच्या होत्या?" ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तुमी शिकवता का जी?"

शहनाज, मी तुला इतक्या शिव्या आयुष्यात कधी घातल्या नसतील जितक्या त्या क्षणी मनात घातल्या. मला बस पाहिजे होती. मी बसच मागणार आहे, पुढच्या सोमवारी पुन्हा डेपोत जाणार आहे, आणि त्या साहेबांनी काहीही म्हटलं तरी तिथून उठणार नाही. सायकल हे उत्तर आहे असं मी मानत नाही. दुभाजकावरून मुली सायकली फेकतात त्या रस्त्याला मी चांगलं म्हणणार नाही. आणि तरी मी त्या बाईला म्हटलं, "शिकवते."

काल संध्याकाळी शाळेच्या मैदानावर ती आली, नऊवारीचा काचा घट्ट मारून. बरोबर आणखी दोघी. पूजानं स्वतःची सायकल दिली. मी मागून कॅरियर धरलं आणि धावू लागले. माझ्या या गुडघ्यांनी. पुष्पाबाई दोनदा पडली, एकदा माझ्या अंगावर. तिसऱ्यांदा तिचा तोल सावरला, माझा हात कधी सुटला ते मला कळलं नाही, आणि ती चालली. सरळ, मग वळून, मग मैदानाच्या कडेनं. तिचा पदर सुटला होता आणि पूजा मधोमध उभी राहून तोंडावर हात धरून पाहत होती.

तिनं पूर्ण फेरी मारली. माझ्याजवळून जाताना घाबऱ्या आवाजात म्हणाली, "मॅडम, उतराचं कसं जी?"

ते सांगायचं राहूनच गेलं होतं. मी वाकून गुडघे धरले होते, छातीत धाप मावत नव्हती आणि डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं.

"उतरू नका," मी म्हटलं. "अजून एक चक्कर मारा."